पहिला चमचा

माझ्या भावाने नोकरी सोडून चायनीजचं हॉटेल काढलं, त्यात माझा काही हात नव्हता. त्या हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थाची चव मात्र माझी होती. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

चव घेणं हे माझं काम आहे. सूपची पाकिटं आणि नूडल्सचे मसाले बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी हेच करते. आमच्या खोलीत लाकडी फळ्या लावून सहा खण पाडलेत. प्रत्येक खणात एक स्टूल, एक बेसिन, कोमट पाण्याचा पेला आणि बिनचवीची दोन बिस्किटं. वर लाल दिवा, म्हणजे पदार्थाचा रंग बघून कोणी भुलू नये. समोरची छोटी खिडकी वर सरकते, कप आत येतो. मी एक चमचा तोंडात घेते, जिभेवर फिरवते, बेसिनमध्ये थुंकते आणि कागदावर एक ते नऊमधला आकडा लिहिते. खिडकी बंद होते. अकरापासून एकपर्यंत असे तीसेक कप. कामाआधी चहा नाही, अत्तर नाही, वासाचा साबणसुद्धा नाही. घरी मी उकडलेला बटाटा, ब्रेड आणि दूध एवढ्यावर राहते, कारण जीभ सांभाळावी लागते. कारखान्यात माझ्या पाठीमागे मला 'जीभ' म्हणतात आणि तोंडावर मॅडम. मला दोन्ही चालतं.

एकोणीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. लोकांना चव कळत नाही. त्यांना रंग कळतो, नाव कळतं, शेजारच्या टेबलावर काय मागवलंय ते तर फारच चांगलं कळतं. जेवताना गप्पा मारतात, फोन बघतात, मुलांवर ओरडतात आणि वर 'काय मस्त होतं' म्हणून मोकळे होतात. अशा माणसांसाठी आपण जीभ जपायची, हा विचार मनात आला की मला माझीच कीव येते.

माझा धाकटा भाऊ या लोकांपैकीच. पण तो माझा भाऊ आहे. अकरा वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्ट म्हणजे आपण बटण दाबतो ती नव्हे. तो असायचा तिच्या वर, खाली, बाजूच्या अंधाऱ्या खड्ड्यात, कमरेला पट्टा बांधून, तोंडात टॉर्च धरून. घरी यायचा तेव्हा नखांत काळं ग्रीस आणि डोळे बारीक झालेले. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळतानासुद्धा जो डोळे बांधू द्यायचा नाही, त्याच्या नशिबी हे काम आलं होतं. त्याला हॉटेल काढायचं होतं. मोठ्या खिडक्यांचं, असं तो नेहमी म्हणायचा. पदार्थ कुठले ते नंतर ठरलं, खिडक्या आधी.

एक दिवस त्याने राजीनामा दिला. त्याचा साहेब त्यातल्या त्यात माणुसकीवाला. म्हणाला, "सहा महिने तुझी जागा कुणाला देत नाही. सहाव्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत येतोस की नाही ते सांग." म्हणजे सरळ हिशेब होता. सहा महिन्यांत हॉटेल चाललं तर माझा भाऊ जन्माचा उजेडात. नाही चाललं तर पुन्हा पट्टा, टॉर्च आणि खड्डा.

"ताई, चव तू बघ," तो म्हणाला. "बाकी सगळं मी बघतो."

"चव सोडून हॉटेलात बाकी काय असतं?" मी म्हणाले.

आधी दुसऱ्यांचं खाऊन बघू, असं ठरलं. तीन आठवड्यांत आम्ही अकरा ठिकाणी गेलो आणि त्या तीन आठवड्यांत माणूसजातीबद्दल माझं जे काही थोडंफार चांगलं मत उरलं होतं, तेही गेलं.

पहिल्या ठिकाणी भिंतभर ड्रॅगन काढला होता. चेहरा पालीचा, पाय कोंबडीचे. मेनूकार्डात 'फ्यूजन' हा शब्द चौदा वेळा होता. मी मोजला, कारण पदार्थ यायला पाऊण तास लागला. शेवटी डंपलिंग आलं, आत चीज आणि बीट. वाफवलेल्या पिठाच्या पुरचुंडीतून गुलाबी चिकट ओघळ बाहेर आला. वेटर हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "ही आमच्या शेफची खास कल्पना आहे." मी एक चमचा घेतला, जिभेवर फिरवला, रुमालात थुंकला आणि म्हणाले, "शेफला सांगा, आणखी कल्पना करू नका." भावाने खाली मान घातली. तो अशा वेळी नेहमीच खाली मान घालतो.

दुसरीकडे पिझ्झ्यावर नूडल्स. तिसरीकडे पावाची टोपी कोरून त्यात फ्राइड राइस, म्हणजे तुम्ही भांडंही खायचं. चौथीकडे स्प्रिंग रोलमध्ये चॉकलेट, आणि त्यासोबत कशासाठी तरी सोया सॉसची वाटी. गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. शेजारच्या टेबलावरच्या बाईने दोन काड्यांत एक नूडल उचललं, नवऱ्याने फोटो काढला, आवडला नाही म्हणून पुन्हा काढला, आणि मग दोघांनी काटे मागवले. नूडल्स गार होईपर्यंत त्यांचं जेवण सुरूच झालं नव्हतं. मी माझा आकडा वहीत लिहिला, 'साडेतीन', आणि उठले. माझा नियम साधा आहे. एक चमचा. चव पहिल्या चमच्यात असते. दुसऱ्या चमच्याला जीभ आधीच लाचावलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आठवं ठिकाण एका कोपऱ्यावर होतं. चार टेबलं, त्यांतलं एक डुगडुगणारं. एक म्हातारा स्वतःच शिजवत होता, स्वतःच वाढत होता. भिंतीवर ड्रॅगन नव्हता, कॅलेंडर होतं, तेही मागच्या वर्षीचं. सूप आणलं. पाण्यासारखं नितळ, त्यात कोबी, पातीचा कांदा, तांदळाच्या बारीक शेवया. व्हिनेगरची बाटली टेबलावर, हवं त्याने घ्यावं. मी चमचा घेतला. मीठ बेताचं, आंबट नाही, तिखट नाही, जिभेच्या मागच्या बाजूला काहीच नाही. "चार," मी म्हणाले आणि वही मिटली.

भाऊ थांबला नाही. चमच्यामागून चमचा खात राहिला. शेवटी वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली, आणि खाली ठेवली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"ताई, संपलं बघ."

"भूक लागली असेल तुला," मी म्हणाले.

त्याने वाटीच्या तळाकडे एकदा पाहिलं. मग उठला आणि म्हाताऱ्याला काहीतरी चांगलं बोलून आला. परतताना रस्त्यात मी त्याला समजावलं की भुकेल्या माणसाचं मत धरायचं नसतं, आम्ही कारखान्यात रिकाम्या पोटी आलेल्याला खणात बसूच देत नाही. तो हं हं म्हणत राहिला.

मग घरी प्रयोग सुरू झाले. भावाच्या स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर मी कारखान्यातून आणलेला लाल दिवा लावला. पांढरे छोटे कप, प्रत्येकाच्या बुडाला नंबर, एक कोमट पाण्याचा तांब्या. भावाने सॉस बनवायचा, मी चाखायचा. आलं-लसूण वाढव. साखर अर्धा चमचा अजून. मीठ. चव वाढवणारी पांढरी पूड, चिमूटभर, नाही, दोन. लाल मिरचीचं तेल शेवटी, आधी नको. सहावरून सात, सातवरून आठ. साडेआठला माझ्याच्याने थांबवत नाही. रोज संध्याकाळी सात ते नऊ आम्ही त्या लाल उजेडात बसायचो. भाची विचारायची, "आत्या, फोटो धुताय का?" आणि भाचा टेबलाखाली लपून कप पळवायचा. दोघांनाही मी बाहेर घालवलं.

भावजयीचं मत मी विचारलं नव्हतं. तिने आपणहून दिलं. ती पोस्टात खिडकीवर बसते, दिवसभर लोकांच्या पाकिटांना तिकिटं लावते, तेव्हा तिच्या जिभेवर काय चव असणार ते तुम्हीच ओळखा. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला म्हणाली, "ताई, जरा जास्त होतंय का? मला सारखं पाणी प्यावंसं वाटतंय."

"मग पी," मी म्हणाले.

ती पुन्हा बोलली नाही. तिच्या नूडल्सबद्दल मात्र मला बोलायलाच हवं. दर रविवारी दुपारी ती घरी नूडल्स करते. मऊ शिजलेल्या, कोबी, गाजर, एक फोडलेलं अंडं, चमचाभर सोया सॉस, संपलं. त्याला ती खुशाल चायनीज म्हणते. आजाऱ्याला लिहून देतात तसलं ते जेवण. मी दर रविवारी एक चमचा घ्यायचे, बेसिनकडे जायचे आणि आकडा सांगायचे. तीन. तोही नात्याची भीड धरून. मुलं टाळ्या वाजवायची, "आईला तीन, आईला तीन," आणि वाट्या चाटूनपुसून साफ करायची. मुलांना काय, ती खडूसुद्धा खातात.

हॉटेल उघडलं. मोठ्या खिडक्या, हलकी लाकडी टेबलं, ड्रॅगन नाही. तेवढं माझं ऐकलं होतं. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये उभ्या पट्ट्यांचा पडदा होता. त्याच्या फटीतून मी गिऱ्हाइकाचा पहिला घास बघायचे. त्यात मी मुरलेली आहे. भुवया वर जातात, मान थोडी मागे, चावणं क्षणभर थांबतं, मग माणूस समोरच्याकडे बघतो. हा नऊचा चेहरा. पहिल्या आठवड्यात मी असे साठ-सत्तर चेहरे मोजले. "वा!" असं मोठ्याने म्हणणारेही होते. एकाने तर टेबलावर बोटं वाजवली. भाऊ ताटल्या नेता नेता माझ्याकडे बघून हसायचा. एवढं बघून मी घरी यायचे, कारण माझं काम तिथे संपत होतं.

पहिला महिना जागा मिळत नव्हती. दुसऱ्या महिन्यात मिळायला लागली. तिसऱ्या महिन्यात वेटर, म्हणजे मिशा पिळलेला एक पन्नाशीचा गृहस्थ, खिडकीशी उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागला. येणारा प्रत्येक माणूस नवा असायचा. पहिला घास घेतला की तोच नऊचा चेहरा. आणि पुन्हा तो माणूस दिसायचा नाही.

मी म्हणाले, पाटी नीट दिसत नाही. पाटी बदलली. मी म्हणाले, वेटरच्या मिशा बघून लोकांची भूक मरते. त्याने बिचाऱ्याने मिशा कापल्या, आणि मग त्याचा चेहरा आणखीच वाईट निघाला. मी म्हणाले, लोकांची लायकीच नाही, त्यांना पालीच्या तोंडाचा ड्रॅगन आणि गुलाबी डंपलिंगच हवं. हे शेवटचं मी मनापासून म्हणाले. चांगली चव पुढ्यात ठेवली आणि ती त्यांना झेपली नाही, एवढाच त्याचा अर्थ मला दिसत होता. भाऊ हिशेबाची वही उघडायचा, मिटायचा, आणि टेबलं पुसायचा. पुसलेलीच पुसायचा.

सहावा महिना उजाडला. चार तारखेला कारखान्याला सुट्टी होती म्हणून मी भर दुपारी हॉटेलात गेले. मागच्या दाराने. तिथे भांडी घासणाऱ्या मावशी बसतात. मोठी मोरी, दोन नळ, राखेसारख्या रंगाची जुनी फरशी, आणि बाजूला झाकणाची दोन पिंपं. माझा पाय एका पिंपाला लागला आणि झाकण पडलं. आत नूडल्स. माझ्या नूडल्स. पिंप अर्ध्याच्या वर भरलेलं.

"हे काय? आज नासल्या का?" मी विचारलं.

"नासल्यात कशाला? पानातल्या आहेत," मावशी म्हणाल्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"कोणाच्या पानातल्या?"

"सगळ्यांच्या. एक पान रिकामं येईल तर शपथ. निम्मं खातात, निम्मं ठेवतात. पहिल्यापासून असंच आहे. तेव्हा माणसं जास्त होती, तीन पिंपं लागायची. आता दोन पुरतात."

मी हसले. मला खरंच हसू आलं. "मावशी, हॉटेलात माणसं टाकतातच. ऐट असते ती."

"ऐट असती तर पाण्याचे जग रिकामे कशाला आले असते?" त्यांनी समोरच्या ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे काचेचे जग उपडे ठेवले होते, मी मोजले, अकरा. दुपारच्या जेवणाला गिऱ्हाईक आलं होतं नऊ. "पहिला घास घेतात, खूश. दुसरा घेतात. तिसऱ्याला पाणी मागतात. मग काट्याने नुसतं ढवळत बसतात आणि बिल आणा म्हणतात. त्या मिशीवाल्याला विचारा, पाणी भरून भरून त्याचा खांदा गेलाय. आता मिशीही गेली."

"तुम्ही भांडी घासा," मी म्हणाले. "चव काय असते ते मला शिकवू नका."

मावशी आता थांबल्या. हाताचा फेस झटकला. त्यांना राग आलेला दिसला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"चव तुम्हालाच कळते हो," त्या म्हणाल्या. "मला उष्टं कळतं."

मी तडक बाहेर जाऊन खिडकीशी बसले आणि वेटरला माझ्या नूडल्स आणायला सांगितल्या. पूर्ण प्लेट. मावशीला रिकामी प्लेट नेऊन दाखवायची, असं माझ्या मनात होतं. पहिला घास घेतला. नऊ. निर्विवाद नऊ. सवयीने मी बेसिन शोधलं, मग लक्षात आलं की आज गिळायचं आहे. गिळलं. दुसरा घास, तोही बरा. तिसऱ्याला ओठ चुरचुरायला लागले. चौथ्याला गोड आणि खारट एकमेकांत मिसळून घशात एक जाड थर बसला. पाणी प्यायले. पाचव्याला चव म्हणून काही उरलंच नाही, नुसता आरडाओरडा. सहावा घास तोंडात घेऊन मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो गिळायला मला दुसरा पेला लागला. प्लेट अर्धी होती. मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुठलाही तिखट-खारट पदार्थ सहा घास खाल्ला होता, आणि तो माझाच होता.

मी काट्याने ढवळत बसले होते, हे मला वेटर जग घेऊन जवळ आला तेव्हा कळलं. प्लेट मी त्यालाच न्यायला सांगितली. मावशीच्या दारातून गेले नाही.

तरीही मी हार मानली नव्हती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी दुसऱ्या मजल्यावर गेले. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक विभाग आहे. तिथल्या बायका पाकिटं लोकांच्या घरी पाठवतात, लोक आठवडाभर ती जेवणात खातात आणि मग कोणी किती खाल्लं, किती टाकलं याच्या नोंदी करतात. मी त्यांना कधी विचारात घेतलं नव्हतं. आमच्या खणातून चव ठरते आणि मग या बायका कागदपत्रं करतात, असं मी धरून चालले होते. एकोणीस वर्षांत मी तो जिना चढले नव्हते. तिथल्या मुख्य बाई चष्मा कपाळावर चढवून शिवणाच्या मासिकात गढल्या होत्या.

"पहिल्या चमच्याला नऊ असलेला पदार्थ माणसाला पूर्ण खाववत नाही, असं होतं का कधी?" मी विचारलं. जरा हेटाळणीच्या सुरात, दुसऱ्या कोणाचा तरी मूर्खपणा सांगावा तसं.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "कधी काय? नेहमीच. तुमच्याकडून आलेलं सगळं आम्ही एक तृतीयांश उतरवतो. मीठ, साखर, तिखट, सगळं. मगच पाकिटात जातं." मासिक मिटून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हणाले, माहीत होतं. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, एवढी ती सांभाळलेली आहे. खाली आले आणि त्या दिवशी माझ्या खणात बसून सगळ्या कपांना पाच लिहिलं. कुणीही काही विचारलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी घरी सॉस केला. मी, जिच्या घरात फोडणीची कढई नाही. शेजारणीची आणली. सगळं एक तृतीयांश उतरवलं आणि रोज वाटीभर, तळापर्यंत खाल्लं. पहिल्या घासाला पाच वाटायचे. दहाव्यालाही पाचच वाटायचे, पण वाटी रिकामी व्हायची. हे लिहायला आमच्या कागदावर रकाना नाही. पोट बिघडलं, एक दिवस रजा टाकली, पण तेरा तारखेला माझ्याकडे सगळ्या पदार्थांची नवी मापं होती. पंधराला अजून दोन दिवस होते. एवढंच मी मोजत होते.

हॉटेलात गेले तेव्हा भाऊ खिडक्या पुसत होता. आत एकच टेबल भरलेलं होतं. मी कागद त्याच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगितलं. पिंप, जग, दुसरा मजला. चुकलं, असंही म्हणाले. तो शब्द मी बऱ्याच वर्षांनी वापरला आणि तो तोंडात विचित्र लागला. "आज रात्रीपासून बदलू," मी म्हणाले. "साहेबाला सांग, आणखी दोन महिने थांबा म्हणून. मी बोलते हवं तर."

भावाने कागद वाचला. सावकाश, खालपर्यंत. मग घडी घालून खिशात ठेवला.

"साहेबाला मी एक तारखेलाच हो म्हणून सांगितलं, ताई. हे दुकान बेकरीवाल्यांना दिलंय. सोमवारी ते येतील."

"पण का? आणखी तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं असतं. आलंच की."

"माझ्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"मावशींनी दाखवलं होतं. त्याआधी घरी हिने सांगितलं होतं, पाणी पाणी होतंय म्हणून. मी स्वतःच कधी पूर्ण प्लेट खाऊ शकलो नाही."

"मग मीठ कमी का नाही केलंस? कढई तुझी, हात तुझे! मला सांगायचं होतंस!"

त्याने फडका पिळला. घाण पाणी बादलीत पडलं. "तू रोज पडद्याआड उभी असायचीस ना. एक दिवस मी मीठ कमी घातलं होतं. तू एक चमचा घेतलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, 'हे कोणत्या बिनडोकाने केलं?' मिशीवाला होता, मावशी होत्या, ही पण होती." तो हसला. खरंच हसला, टोमणा नव्हता. "तुला कोण सांगणार, ताई? मला खड्ड्यात उतरायची भीती वाटते, पण तिथे निदान मी काय करतोय ते मला कळतं."

त्या भरलेल्या टेबलावरच्या माणसाने वेटरला हात केला आणि पाणी मागितलं.

हॉटेल बंद झालं. खिडक्यांवर बेकरीवाल्यांनी केकची चित्रं चिकटवली, त्यामुळे आत आता उजेडही पूर्वीसारखा येत नसणार. भाऊ कामावर रुजू झाला. मावशी बेकरीतच राहिल्या. वेटर मिशा वाढवतो आहे असं ऐकलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे गेले. भाऊ सकाळची पाळी करून नुकताच आला होता. निळा डगला अंगावरच, नखांत काळं. मुलं टेबलाशी बसली होती. भावजयीने माझ्यापुढे वाटी ठेवली. मऊ नूडल्स, कोबी, गाजर, अंडं. ती सवयीने बेसिनच्या वाटेतून बाजूला झाली. भाचीने टाळ्यांसाठी हात उचलून धरले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी एक चमचा घेतला. मग दुसरा घेतला. पाचव्या-सहाव्या चमच्याला भाचीने हात खाली घेतले. मीठ बेताचं होतं, सोया सॉस बेताचा, आणि मला कळत होतं की हे मी खाऊ शकते, सगळं, रोज. मी वाटी दोन्ही हातांनी उचलली, तळाचा रस प्यायले आणि खाली ठेवली.

"अजून वाढ," मी म्हणाले.

भावजय पळी घेऊन उभी राहिली. तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हा नवा टोमणा आहे की काय, हे तिला ठरवता येत नव्हतं. मी एवढ्या वर्षांत तिला तसं वागवलं होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"छान झालंय," मी म्हणाले. त्याने ती आणखीच घाबरली.

भावाने मान वर केली नाही. तो खाली बघून आपली वाटी संपवत होता.

"वाढ गं," तो म्हणाला. "भूक लागली असेल तिला."